डॉ. आंबेडकरांची कॉलेजातील वर्षे

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आमच्या औरंगपुऱ्यास जत्रेचे रूप येते. पुस्तकांच्या दुकानांपुढे मुलांची व पालकांची दाटी होते; पेढ्यांचे पुडे घेऊन विद्यार्थी शाळेत येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे वडील किंवा आई येऊन आम्हांस विचारतात, की मुलाने आता कोणत्या कॉलेजात नाव घालावे, कोणती शाखा घ्यावी, वसतिगृह बरे की मावशीचे घर बरे. ह्या प्रश्नांची उत्तरे आम्ही आपल्या मगदुराप्रमाणे देतो. परंतु कॉलेजात गेल्यावर तेथील वर्षे कशी घालवावी, हा प्रश्न आम्हांस क्वचितच कोणी विचारतो. प्रवेश मिळाला व फी भरली, की पुढचे सारे आपोआप घडते, अशी बहुतेकांची समजूत दिसते. ती खरी नव्हे, हे कित्येक हुशार मुलांच्या उदाहरणांवरून आम्ही पाहिले आहे. आणि आमच्या स्वतःच्या कॉलेजातील पहिल्या वर्षावरूनही पाहिले आहे, पण ती कथा येथे नको.

ह्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका थोर पुरुषाच्या चरित्राने द्यावे, असे आम्ही योजिले आहे. शहराच्या पश्चिमेस खाम नदी ओलांडून छावणीच्या बाजूस गेले म्हणजे नागसेनवन लागते. तेथील मिलिंद महाविद्यालय ज्यांनी स्थापिले, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचे नाव ठाऊक नाही असा एकही मुलगा आमच्या शाळेत नसेल. त्यांनी राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषविले, महाडच्या तळ्यावर सत्याग्रह केला, पददलितांस माणुसकीचे हक्क मिळावे म्हणून जन्मभर झगडा केला. हे सर्व पाठ्यपुस्तकांत आहे व त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते विद्यार्थी आंबेडकरांविषयी. इ. स. १९०८ पासून १९२३ पर्यंत, मध्ये खंड पडत पडत, मुंबई, न्यूयॉर्क व लंडन ह्या तीन शहरांत त्यांनी कॉलेजाचे शिक्षण घेतले. ह्या पंधरा वर्षांतील एकही वर्ष त्यांस सहज मिळालेले नव्हते.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाई लहानपणीच निवर्तल्या. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गात वेगळा बसे, आणि तहान लागली तरी शाळेतील पाण्यास त्यास हात लावता येत नसे. हायस्कुलात संस्कृत शिकण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु ते त्यास शिकू दिले नाही, म्हणून फारशी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या श्रमाने संपादन केले.

मुंबईस आल्यावर हे कुटुंब परळच्या एका चाळीत एकाच खोलीत राहू लागले. पालकांनी ह्या खोलीकडे जरा लक्ष द्यावे. धूर, भांडी, सामानसुमान आणि माणसे ह्यांनी ती भरलेली असे; दोघांस एका वेळी पाय पसरून निजावे एवढीही जागा नव्हती. तेव्हा बापलेकांनी पाळी लाविली. मुलाने रात्री लवकर निजावे; दोनच्या सुमारास वडिलांनी त्यास उठवून अभ्यासास बसवावे व मग आपण त्या जागी आडवे व्हावे. पुस्तकांस पैसे नसत, तेव्हा रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन आले म्हणजे दागिना सोडवून परत देत. आमच्याकडे जे पालक मुलांस अभ्यासाची स्वतंत्र खोली नाही म्हणून खेद करितात, त्यांस आम्ही ही हकीकत सांगत असतो. खोली असावी हे चांगलेच. पण रात्री दोन वाजता उठविणारा बाप असणे ही त्याहून मोठी सोय होय.

इ. स. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांस ७५० पैकी २८२ गुण मिळाले. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहो. हल्ली नव्वद टक्क्यांस दोन गुण कमी पडले तरी घरात सुतक पडल्यासारखे होते, आणि मुलगा पुढे काही करील अशी आशाच सोडून दिली जाते. त्या काळी त्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही इतकी दुर्मिळ गोष्ट होती, की त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या विद्वान ग्रंथकारांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. केळुसकर गुरुजींची व ह्या मुलाची ओळख चर्नी रोडच्या बागेत झाली होती. शाळा सुटल्यावर तो तेथे येऊन वाचीत बसे. गुरुजीही वाचावयास येत. त्यांनी चौकशी केली व पुस्तके देण्यास आरंभ केला. ही ओळख पुढे किती उपयोगी पडली ते लवकरच दिसेल.

इ. स. १९०८ च्या आरंभी त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश केला. इंटरची परीक्षा झाल्यावर घरची शक्ती संपली. त्या वेळी केळुसकर गुरुजी त्यांस बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे घेऊन गेले, महाराजांनी काही प्रश्न विचारून परीक्षा पाहिली व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्रोफेसर म्यूलर ह्यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. दुसऱ्या बाजूस त्याच कॉलेजातील उपाहारगृहाचा मालक त्यांस चहा किंवा पाणी देत नसे. ह्या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत घडत होत्या. इ. स. १९१२ साली ते बी. ए. झाले, परंतु ह्या परीक्षांतून त्यांचे नाव पहिल्या ओळीत झळकले असे नाही. जो विद्वान पुढे जगास दिसला, तो अद्याप झाकलेला होता, आणि तो उघडा होण्यास केवळ बुद्धी पुरेशी नव्हती. वेळ, पुस्तके व मानाने वागविणारी माणसे ह्यांची जरूर होती.

बी. ए. झाल्यावर त्यांनी बडोद्यास नोकरी धरली. ती धरून थोडेच दिवस झाले तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईस येताना वाटेत सुरतेस ते वडिलांसाठी मिठाई घेण्यास उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजींचा अंतकाळ जवळ आला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते वारले. मुलगा बी. ए. झालेला त्यांनी पाहिला. त्यापुढचे काहीच पाहिले नाही.

त्याच वर्षी बडोदे सरकारने काही विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले व त्यांत भीमरावांची निवड झाली. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची. तिच्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी, असा करार १९१३ च्या जून महिन्यात त्यांनी लिहून दिला. पुढील सर्व हकीकतीची किल्ली ह्या करारात आहे असे आम्हांस वाटते. तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे, चौथे नाही. तो काळ त्यांचा स्वतःचा नव्हता, उसना घेतलेला होता, आणि त्याची परतफेड दहा वर्षांनी करावयाची होती. आपल्या मुलांच्या हाती असा लेखी करार नसतो म्हणून त्यांस काळ मोकळा व फुकट वाटतो. वस्तुतः प्रत्येक मुलाच्या कॉलेजाच्या वर्षांमागे कोणाचा तरी ओव्हरटाइम, कोणाची तरी विकलेली जमीन, किंवा धाकट्या बहिणीचे लांबलेले शिक्षण असते. ते कागदावर लिहिलेले नसते एवढेच.

इ. स. १९१३ च्या जुलै महिन्यात वयाच्या बाविसाव्या वर्षी ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आरंभी काही दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले, परंतु तेथील अन्न न मानवल्यामुळे दुसरीकडे गेले. अखेर लिव्हिंग्स्टन हॉल ह्या वसतिगृहात नवल भाथेना ह्या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. येथे प्रथमच त्यांस कोणी बाजूस बसविले नाही, कोणी पाणी नाकारले नाही. जन्मभर ज्याने अंग चोरून चालावे त्यास मोकळ्या रस्त्याने चालावयास मिळाले म्हणजे काय वाटत असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. अशा वेळी पुष्कळांचे पाय मौजेच्या वाटेकडे वळतात. न्यूयॉर्कमध्ये नाटकगृहांस तोटा नव्हता व बावीस वर्षांच्या तरुणास त्यांची ओढ वाटली तर त्यात नवल नव्हते. परंतु शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवावयाचे होते. उरलेल्या पैशांत जेवण व पुस्तके ह्यांवाचून तिसरी गोष्ट बसत नव्हती. ग्रंथालय उघडण्याच्या वेळी जावे व बंद होताना उठावे असा क्रम त्यांनी धरला.

त्या तीन वर्षांत त्यांनी कोणकोणते विषय ऐकले ह्याची नोंद विद्यापीठात आहे, व ती मोठी वाचनीय आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन ह्यांचा एकेक, मिळून साठ. पदवीस एवढ्यांची आवश्यकता नव्हती. परीक्षेस जेवढे लागते तेवढेच वाचावे, बाकीचे सोडून द्यावे, असा शहाणपणा आमच्याकडे वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांस शिकवितात. त्या दृष्टीने पाहता ह्या विद्यार्थ्याने निम्मा वेळ वाया घालविला असे म्हणावे लागेल.

पण ह्या वाया गेलेल्या वेळाचे काय झाले ते पहा. मुख्य विषय अर्थशास्त्र. गुरू प्रोफेसर एडविन सेलिग्मन. प्राचीन भारतातील व्यापार ह्या विषयावर प्रबंध लिहून १९१५ च्या जून महिन्यात ते एम. ए. झाले. हे सरळ वाटेचे काम होते. परंतु बाजूच्या वाटेने ते डॉ. गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात जात. त्या वर्गात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती, रचना व विकास ह्यांवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. ज्या जातीच्या नियमाने त्यांस गोणपाटावर बसविले, तो नियम कोठून आला, कसा टिकला, हे त्यांनी शास्त्राच्या पद्धतीने तपासून पाहिले, रागाने नव्हे. पुढील वर्षी तो निबंध एका विद्वन्मान्य नियतकालिकात छापला गेला, व त्यांचा हा पहिला प्रसिद्ध झालेला लेख आजही अभ्यासला जातो. तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई ह्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. त्या विचारांचा ठसा त्यांच्या पुढील लिखाणात शेवटपर्यंत दिसतो व आपल्यावरील हे ऋण ते मोकळेपणाने मान्य करीत. प्राथमिक जर्मनही फुकट गेले नाही. पुढे जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव घालण्याचे मनात आले, तेव्हा त्यांनी अर्ज स्वतः जर्मन भाषेत लिहिला.

येथे एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. त्यांचे वाचन विस्तृत होते, पण सैरावैरा नव्हते. अर्थशास्त्र असो, इतिहास असो, समाजशास्त्र असो, मनात एकच प्रश्न जागा होता, की आपल्या देशातील माणसे अशी का जगतात व ती वेगळ्या रीतीने कशी जगतील. ज्याच्यापाशी प्रश्न असतो त्यास कोणताही वर्ग परका वाटत नाही. ज्याच्यापाशी प्रश्न नसतो तो आपल्या मुख्य विषयाच्या वर्गातही पाहुण्यासारखा बसतो.

त्या काळात लाला लजपतराय न्यूयॉर्क येथे राहून स्वराज्याची चळवळ करीत होते. त्यांनी ह्या बुद्धिमान तरुणास आपल्या कार्यात ओढण्याचा यत्न केला. आंबेडकरांनी नम्रपणे नकार दिला. आपण विद्यार्थी आहो, बडोद्याच्या महाराजांनी अभ्यासासाठी पाठविले आहे, तो पुरा केल्यावाचून दुसरे काही करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्यांनी पुढे सारे आयुष्य सार्वजनिक कामास वाहिले त्यांचा हा नकार आहे, हे ध्यानात ठेविले पाहिजे. ह्यावरून विद्यार्थ्यांनी देशाच्या प्रश्नांकडे पाठ फिरवावी असे अनुमान काढणे चूक होईल. न्यूयॉर्कहूनच वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाचाही आग्रह धरला आहे. विचार चालूच होता. उडी मात्र तयारी झाल्यावर घ्यावयाची होती.

न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी पुस्तके जमविली, ती सुमारे दोन हजार झाली. जेवणातून वाचविलेल्या पैशांची ही खरेदी. हिंदुस्थानात पोहोचविण्यासाठी ती एका परिचितांच्या हवाली केली. त्यांतील बहुतेक हाती लागली नाहीत.

इ. स. १९१६ मध्ये पीएच. डी. साठी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध विद्यापीठाने मान्य केला. तथापि त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्यावाचून पदवी मिळत नसे, आणि छपाईस पैसा नव्हता. हाच अभ्यास वाढवून ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाच्या रूपाने १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि १९२७ साली पदवी रीतसर हाती आली. प्रबंध लिहून झाल्यापासून अकरा वर्षे! आमच्या विद्यार्थ्यांस गुणपत्रिका आठ दिवस उशिरा आली तर राहवत नाही.

न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले. १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी व ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली व बडोद्याहून बोलावणे आले. अभ्यास अर्धा राहिला. चार वर्षांच्या आत परत आल्यास तो पुढे चालू करता येईल अशी परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली व १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस उतरले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व पुस्तके ज्या बोटीवर होती ती पाणतीराने बुडाली. त्या सामानाच्या भरपाईची जी थोडी रक्कम मिळाली तिच्यातून बडोद्यास जाण्याचा खर्च भागला.

बडोद्यास काय घडले हे पुष्कळांनी वाचले असेल. कोलंबियात शिकून आलेल्या ह्या विद्वानास शहरात राहावयास कोणी जागा दिली नाही. कचेरीतील शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी कसाबसा आसरा मिळविला, तोही अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे सुटला. एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले व रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. शिक्षणाने माणसाचे दैन्य जाते असे आम्ही शिक्षक नेहमी सांगतो. ते खरे आहे. पण इतके साधे नाही, हे ह्या प्रसंगावरून कबूल करावे लागते.

दुसरा एखादा येथे थांबला असता. हाती एम. ए. होतीच. त्यांनी मात्र लंडनची चार वर्षांची मुदत डोळ्यांपुढे ठेविली. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार त्या काळच्या मानाने बरा होता. तरीही ते चाळीतच राहिले व पैसा साठविला. कोल्हापूरचे शाहू महाराज ह्यांनी काही साहाय्य केले. उरलेली तूट ज्यांनी भरून काढली ते म्हणजे न्यूयॉर्कच्या वसतिगृहातील सोबती नवल भाथेना. त्यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. कॉलेजात कोणाशी मैत्री करावी, ह्याविषयी आम्हांस जे सांगावयाचे होते ते ह्या एका वाक्यात आले. ही मैत्री जन्मभर टिकली.

१९२० च्या जुलै महिन्यात ते पुन्हा लंडनला निघाले. घरी पत्नी रमाबाई होत्या. ह्या माउलीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. पतीच्या विद्यार्थिदशेचा खरा खर्च त्यांनी सोसला. परदेशातून येणारे पैसे अपुरे. त्यांत संसार चालवावयाचा. अपत्यवियोगही त्यांच्या वाट्यास आला. ज्या चरित्रांत केवळ ग्रंथालयातील अठरा तासांचे वर्णन असते व ते अठरा तास ज्यांच्यामुळे शक्य झाले त्यांचा उल्लेख नसतो, ती चरित्रे अपुरी होत.

लंडनमधील दिनक्रम असा होता. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, थोडा मुरंबा व पेयाचा एक पेला. मग ब्रिटिश म्यूझियमचे वाचनालय. दुपारचे जेवण नाही. संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर बाहेर पडावे, खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले. थोडे फिरून यावे, पुन्हा वाचावे. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली म्हणजे एका परिचिताने दिलेल्या पापडांपैकी चार पापड पत्र्यावर भाजावे व पेलाभर दुधाबरोबर खावे. मग उत्तररात्रीपर्यंत पुन्हा वाचन. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या सोबत्याने आता निजावे असे सुचविले, तर आपणांस वेळही नाही व पैसाही नाही, तेव्हा अभ्यास लवकर संपविणे भाग आहे, असे ते समजावीत.

हे वर्णन आम्ही अनुकरणासाठी देत नाही. उलट, उपाशी राहून व झोप मोडून अभ्यास करू नये असेच आम्ही आमच्या मुलांस सांगू. उत्तर आयुष्यात मधुमेहाने व इतर व्याधींनी ते फार पीडिले गेले. त्यांच्या अठरा तासांचे कौतुक करून स्वतः सहा तासही न बसणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. तसेच परीक्षेपूर्वी पंधरा दिवस रात्री जागून ऐन पेपरच्या दिवशी तापाने पडलेलेही पाहिले आहेत. तास मोजण्यात अर्थ नाही. त्यांनी एकही पान निष्कारण वाचले नाही व वाचलेल्याचे टिपण केल्यावाचून उठले नाहीत, हा भाग घेण्यासारखा आहे. आणि तो चार तासांतही साधतो.

इ. स. १९२१ मध्ये ते लंडन विद्यापीठाचे एम. एस्सी. झाले. १९२२ च्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध त्यांनी डी. एस्सी. साठी सादर केला. हिंदुस्थानच्या चलनाची व्यवस्था इंग्रज सरकारने कशी केली व तिचा भार कोणावर पडला, ह्याची त्यांत परखड मीमांसा होती. परीक्षकांस ती रुचली नाही. प्रबंध पुन्हा लिहावा असा निर्णय आला. तोपर्यंत पैसा संपत आला होता, व १९२३ च्या एप्रिलमध्ये त्यांस मुंबईस परतावे लागले. मुंबईस बसून त्यांनी तो प्रबंध दुरुस्त केला. भाषा काही ठिकाणी सौम्य केली. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये तो परत पाठविला आणि त्या वर्षाच्या अखेरीस डी. एस्सी. ही पदवी मिळाली. परत आलेले काम पुन्हा हाती घेणे, हे पहिल्याने काम करण्याहून कठीण असते. ज्यांचा एखादा विषय राहिला म्हणून ज्यांनी कॉलेजच सोडले, अशा आमच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत हे पान पोहोचले तर बरे होईल.

तो ग्रंथ १९२३ च्या डिसेंबरात लंडन येथे छापून प्रसिद्ध झाला. त्याची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीस आहे. मुलींचे दागिने गहाण ठेवून पुस्तके आणणाऱ्या रामजींना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

येथे त्यांची विद्यार्थिदशा संपली. पुढील चरित्रातून आम्ही एकच धागा उचलतो, कारण तो आमच्या गावात येऊन पोहोचतो. स्वतःस जे शिक्षण इतक्या कष्टाने मिळाले, ते इतरांस थोडे सुलभ व्हावे म्हणून त्यांनी १९२५ साली सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. आणि १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडले. त्यानंतर त्यांची दृष्टी मराठवाड्याकडे वळली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. पदवीपर्यंत शिकावयाचे तर येथील मुलास हैदराबादेस किंवा त्याहून दूर जावे लागे, आणि गरिबाच्या मुलास ते शक्य नसे. मुंबई किंवा पुणे सोडून त्यांनी औरंगाबाद निवडले ते ह्याच कारणाने. १९५० च्या जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे होते. ह्या शहरात विद्यापीठ निघाले ते त्यानंतर, १९५८ साली. आणि १९९४ पासून त्या विद्यापीठासही डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. ते स्वतः मात्र ६ डिसेंबर १९५६ रोजीच दिल्लीस निवर्तले होते.

कॉलेजास त्यांनी दिलेले नाव विचार करण्यासारखे आहे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. त्याने भिक्षू नागसेनास प्रश्नांमागून प्रश्न विचारले, व त्यांची उत्तरे नागसेनाने दिली. हा संवाद पाली भाषेतील एका प्रसिद्ध ग्रंथात आहे. उत्तरे देणाऱ्याचे नाव त्या वनास मिळाले, आणि प्रश्न विचारणाऱ्याचे कॉलेजास.

आमच्या शाळेतून नागसेनवन पायी जाता येईल इतके जवळ आहे. आमचे काही माजी विद्यार्थी तेथे व शहरातील इतर कॉलेजांत शिकत असतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत भेटावयास येतात. कॉलेज कसे आहे असे विचारले तर बहुतेक जण इमारतीविषयी, स्नेहसंमेलनाविषयी व प्राध्यापकांच्या लकबींविषयी सांगतात, व आम्हीही ते आवडीने ऐकतो. निघताना मात्र वाचनालयाचे कार्ड काढले काय, असे आम्ही प्रत्येकास विचारतो. गेल्या दिवाळीत नऊ जण आले होते. त्यांपैकी चौघांनी ते खिशातून काढून दाखविले.